बेचाळीस डोकी

किनारा-दर्शनाच्या बसमध्ये ती गेली नऊ वर्षं गाइड होती, आणि माणसं मोजायची तिची एकच पद्धत होती. ड्रायव्हरशेजारी उभं राहायचं, सीटवरून वर आलेली डोकी मोजायची आणि माइक हातात घ्यायचा. एकेकाचा चेहरा बघत बसलं तर संध्याकाळी सातच्या आत सहा थांबे उरकणार कसे?

आज एक्केचाळीस प्रवासी होते आणि बेचाळिसावी तिची आई. आईला हल्ली काही लक्षात राहत नसे. सांभाळणाऱ्या बाईनं ऐन सकाळी दांडी मारली. सुट्टी मागायची तर साहेब डोक्यावर मिरे वाटायला बसलेलेच, म्हणून तिनं आईला गुपचूप मागच्या सीटवर आणून बसवलं होतं.

दीपगृहापाशी एका अकरा जणांच्या कुटुंबाला फोटो हवा होता. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचं तोंड उघडं, पाच वेळा काढावा लागला. "आई, तू बसमध्ये जाऊन बस, मी आलेच," ती म्हणाली. आई निमूट निघाली. खाली दोन पांढऱ्या बस उभ्या होत्या, हे घाईत हिच्या डोक्यातच आलं नाही. निघताना डोकी मोजली. बेचाळीस. बस सुटली.

वीस मिनिटांनी आईची गोळी घेऊन ती मागे गेली, तर तिथं लोकरी टोपी घातलेली एक अनोळखी म्हातारी डुलक्या घेत होती. "उत्तरेचं टोक आलं का?" म्हातारीनं विचारलं.

गाइड धावत पुढे ड्रायव्हरपाशी आली. दीपगृहाच्या कड्याला कठडा नव्हता.

"काका, गाडी वळवा! आई मागे राहिली."

"कुठं वळवू, पोरी?" ड्रायव्हरकाका म्हणाले. "इकडे कडा, तिकडे समुद्र, त्यात रस्ता एकेरी. बंदर येईपर्यंत देवालासुद्धा वळता येणार नाही."

म्हातारीच्या तिकिटावर त्या दुसऱ्या बसच्या गाइडचा नंबर होता. लावला, पण रेंज नव्हती. पुन्हा लावला. तेवढ्यात पुढून एक आजोबा ओरडले, "ताई, हा खडक हत्तीसारखा का दिसतो हो?" तिनं सांगितलं. सगळं, अगदी पाठ केल्यासारखं. स्वतःच्या तोंडाचा तिला संताप आला.

सातव्या खेपेला फोन लागला.

"आहेत की, माझ्याजवळच बसल्यात!" दुसरी गाइड म्हणाली. "माझी डोकी बरोबर भरली ना, मग कळणार कसं? संध्याकाळी सातला परतल्यावर अदलाबदल करू. थांबा, देते त्यांना."

जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ती म्हणाली, "आई, घाबरलीस का गं?"

"कोण बोलतंय?"

"मी गं. तुझी मुलगी."

"अहो, चुकून लागला वाटतं फोन. माझी मुलगी इथं शेजारी बसलीय." आई कौतुकानं सांगू लागली, "काय गोड समजावून सांगते सगळं! कधी चिडत नाही हो माझ्यावर."

फोन बंद न करताच आईनं तो मांडीवर ठेवला असावा. दुसऱ्या गाइडचा माइकवरचा आवाज ऐकू येत होता, आणि मधूनच आईचं हसणं. घरात कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

गाइड फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. सात वाजायला अजून आठ तास होते.