कुणासाठीही वाजणारा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. लाकूड वाकवून, वर पडदा ताणून कारागिरांनी मला घडवले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या मालकाबद्दल.

तरुणपणी तो आणि त्याची थोरली बहीण पंक बँड चालवत. डोक्यावर केसांचा तुरा, कानात सेफ्टी पिन. गाड्यांच्या गॅरेजमध्ये ताई घसा फोडून गायची, "वर्दी उतरवा!" आणि हा माझ्यावर तुटून पडायचा. ताल सुटायचा, पण मला त्याचा अभिमान वाटे. किती भोळा होतो मी!

मग त्याला सिनेमाचे काम मिळाले. नायकाने गुंडाला लोळवले की ठोका माझा. निर्मात्याने पाठ थोपटली की याची कळी खुलायची. तुरा गेला, पिन गेली.

"ताई, जगायला शीक जरा," तो म्हणाला.

"तू जग. मी गाते," ती म्हणाली.

पुढे सक्तीची लष्करी भरती आली. गॅरेजमधला हा वाघ वशिला लावून लष्करी बँडमध्ये घुसला आणि वर्दीच्या बटणांत तोंड पाहू लागला.

एकदा चौकात भरतीविरुद्ध सभा भरली, तेव्हा ती उधळायला आमच्या बँडला तिथे नेले. स्टुलावर ताई उभी होती. तिने तोंड उघडताच अधिकारी ओरडला, "वाजवा! तिचा एक शब्द ऐकू येता कामा नये."

मालकाने तिला ओळखले. काठ्या क्षणभर थबकल्या. मला वाटले, आता हा मला फेकून देणार. कसले काय! तो असा वाजवू लागला, की एक ठोका चुकला नाही. समोर ताईचे नुसते ओठ हलत होते. तिला ओढून नेईपर्यंत तो थांबला नाही. अधिकारी "शाबास!" म्हणाला, तेव्हा हा चक्क लाजला.

ताई तुरुंगातून सुटली, तेव्हा तिला आणायला आई एकटीच गेली.

आता मी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात असतो. "पंक, सिनेमा, फौज, सगळं गाजवलं!" तो पाहुण्यांना सांगतो. परवा सुनेने विचारले, "बाबा, तुमच्या बँडमध्ये गायचं कोण?"

"होती कुणीतरी," तो म्हणाला आणि मऊ फडक्याने मला पुसू लागला.

मित्रांनो, वाद्ये जरूर जपा, त्यांना ओल लागू देऊ नका. पण घरात कुणी गाणारे असेल, तर आधी त्याला जपा. लाकडाचे काय, पुसले की पुन्हा चकाकते.