एका मिनिटाचा कंद

ग्रंथपाल बाई वाचनालयाचं कुलूप काढत होत्या, तेवढ्यात जावेचा फोन आला. पलीकडे शब्द नव्हतेच, नुसती घशातली घरघर. मग दिरानं फोन घेतला. "वहिनी, हिची जीभ सुजलीय. दवाखान्यात नेतोय. तुमच्याच साइटवर बघून रानातला कंद केला होता हिनं."

बाई आल्या पावली दवाखान्यात गेल्या. जाऊ खाटेवर बसली होती. ओठ टम्म फुगलेले, लाळ टिपायला हातात रुमाल. इंजेक्शन झालं होतं, धोका टळला होता. तिनं मोबाईल पुढे केला. वर वाचनालयाचं नाव, खाली 'रानकंद: फक्त एका मिनिटात!' आणि मागे उड्या मारणारं संगीत. वाचनालयात येणाऱ्या मावशीचे हात कंद चिरत होते. आवाजही मावशीचाच: "असे पातळ काप करायचे." लगेच पुढे, "मग शिजवायचे. झालं."

त्या दोन वाक्यांच्या मध्ये तीन दिवस होते. तीन दिवस काप वाहत्या पाण्यात ठेवायचे, रोज एक तुकडा जिभेच्या टोकाला लावून बघायचा, खाज पुरती गेली तरच चुलीवर चढवायचे. ते तीन दिवस कुणीतरी कापून टाकले होते.

मावशी डोंगरावरच्या वस्तीतली. चौदा कंद नुसत्या वेलीवरून ओळखणारी. तिच्या माणसांचं हे ज्ञान कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून बाईंनी दोन वर्षं तिला मागच्या खोलीत बसवून, आवाज नको म्हणून पंखा बंद ठेवून, घामाच्या धारांत एकेचाळीस ध्वनिचित्रफिती केल्या होत्या. मुख्य कार्यालयानं 'डिजिटल ज्ञान' योजनेसाठी मागितल्या, तेव्हा बाईंनी विश्वासानं पाठवल्याही. वर वाचनालयाच्या साइटचा पासवर्डही दिला.

त्या थेट मुख्य कार्यालयातल्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"लोक एका मिनिटाच्या वर बघत नाहीत हो, बाई," साहेब म्हणाले. "नऊ हजार जणांनी पाहिलंय! आपल्याला डिजिटल साक्षरतेचा पुरस्कार जाहीर झालाय, कळलं ना?"

"माझी जाऊ दवाखान्यात आहे, साहेब."

"बरी आहे ना आता? मग झालं तर." त्यांनी ड्रॉवरमधून बडीशेप काढून तोंडात टाकली आणि चघळत चघळत तोडगा काढला. "असं करू. मावशीचा एक छोटासा व्हिडिओ घेऊ. 'सांगताना माझ्याकडूनच राहून गेलं' एवढंच म्हणायचं तिनं. म्हातारं माणूस आहे, लोक समजून घेतात."

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात बडीशेपेचा हिरवा चोथा चिकटला होता. बाई तशाच बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी वाचनालयात बायकांचा मोबाईलचा वर्ग असे आणि मावशी त्यात पहिल्या बाकावर. बाईंनी तिला व्हिडिओ दाखवला, जावेचं सांगितलं, साहेबांचंही सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"परत लाव," मावशी म्हणाली.

बाईंनी परत लावला. मावशी उठली, दारापाशी जाऊन गटारात थुंकली आणि येऊन बसली.

"माझ्या तोंडानं विष वाटलं मेल्यांनी. आणि वर मीच चुकले म्हणू?" मावशी म्हणाली. "पोरी, तुला मी एक अक्षर गाळून सांगितलं होतं का?"

"नाही, मावशी. चूक माझी. पाठवल्यावर मी बघायला हवं होतं."

"हो, बघायला हवं होतं," मावशीनं बाईंनाही सोडलं नाही. "आता हे काढता येतं का, ते शिकव."

त्या दिवशीचा धडा तोच झाला. खोटी माहिती दिसली तर तक्रार कशी करायची, खाली खरं काय ते कसं लिहायचं. बारा बायकांनी चष्मे पुसत, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'तीन दिवस पाण्यात ठेवा, नाहीतर विष.' तासाभरात मुख्य कार्यालयानं अभिप्राय बंद करून टाकले.

मग बाईंनी तो व्हिडिओ काढला, मूळचा एकोणीस मिनिटांचा अख्खा चढवला आणि पासवर्ड बदलला.

चौथ्या दिवशी बदलीचा कागद आला. मुख्य कार्यालयाचं गोदाम, त्याच दिवशी हजर व्हायचं. तिथं बाद पुस्तकांचे गठ्ठे कुजत पडलेले, उंदरांच्या लेंड्या, ओल्या कागदाचा वास थेट घशात उतरणारा. भिंतीपलीकडे पुरस्काराच्या सत्काराच्या टाळ्या चालू होत्या. दुपारी साहेब नाकाला रुमाल लावून दारात आले.

"बाई, तो लांबडा व्हिडिओ काढा. आमच्या इथं कुणाला जमेना."

डिजिटल साक्षरतेचा पुरस्कार घेतलेलं कार्यालय! बाईंना हसूही आलं नाही.

"गुरुवारी वाचनालयात या, साहेब. वर्ग आता मावशी घेणार आहे. पहिला बाक रिकामा आहे."

साहेब पाठ फिरवून निघून गेले. आणखी एका कारवाईच्या कागदाची धमकी त्यांच्या पाठीवरच दिसत होती. येईल तेव्हा येईल.

संध्याकाळी बाई जावेकडे गेल्या. सूज उतरली होती, पण तिला अजून गरम काही गिळवत नव्हतं. एकोणीस मिनिटांचा व्हिडिओ त्या वेळेपर्यंत दोनशे सहा जणांनी पाहिला होता. आधीच्या नऊ हजारांपैकी किती जणांनी घरी कंद आणला असेल, हे विचारायला बाईंकडे कुणाचाच नंबर नव्हता.