कात्रीचं गाणं

बाबा आणि काका एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. काका काही सख्खे नव्हेत. तरुणपणी दोघं मिळून चाली बांधायचे, तेव्हापासून चिकटलेलं नातं. पुढे एका चालीवरून बिनसलं ते कायमचं. बाबा म्हणत, चाल त्यानं चोरली. काका म्हणत, यानं.

बाबांची धाकटी मुलगी रेडिओवर संकलक होती. लोकांची बोलणी कापायची, जोडायची, मधले खोकले काढून टाकायचे, हे तिचं काम. एकदा बाबांचं संथ विरहगीत सुरू असताना चुकून काकांचं उडतं गाणंही वाजू लागलं. बंद करायला गेलेला तिचा हात तिथेच थांबला. बाबांची ओळ जिथे श्वास घेत होती, तिथे नेमके काकांचे ढोल बोलत होते.

मग ती हट्टालाच पेटली. एकाची पट्टी उतरवली, दुसऱ्याची लय ओढली, कितीदा तरी मोडलं, पुन्हा जोडलं. काकांच्या धांगडधिंग्यात एवढं रडू दडलंय आणि बाबांच्या विरहाला नाचरे पाय आहेत, हे तिलाही नव्यानंच कळत होतं.

जोडलेलं गाणं तिनं घरी ऐकवलं, तेव्हा बाबांनी अर्ध्यातच हात वर केला. "बंद कर. याला गाणं म्हणत नाहीत, कातरकाम म्हणतात. मेहनत आमची, कात्री तुझी."

"कात्री माझीच. पण कुठे कापायचं हे कात्री सांगत नाही, बाबा. तुम्हा दोघांना इतकी वर्षं जे ऐकू आलं नाही, ते मला आलं."

"माझी परवानगी नाही."

"मग रेडिओवर लावणार नाही. पण पुसणारही नाही."

तिनं पाठवलेलं ऐकून काकांनी तर फोनवरच झाडलं. "माझं गाणं केविलवाणं करून टाकलंस."

तिनं माघार घेतली नाही. कचेरीतल्या छोट्या सभागृहात सहकाऱ्यांना ऐकायला बोलावलं, आणि दोन्ही म्हाताऱ्यांना एवढंच कळवलं की दुसरा येतोय. शेवटचा शब्द दुसऱ्याचा होऊ नये म्हणून दोघंही आले आणि दोन टोकांना बसले.

गाणं संपलं.

"दुसऱ्या कडव्यात माझा सूर दबलाय," बाबा समोर बघत म्हणाले.

"तिथे माझे ढोल आहेत," काका त्या टोकाकडून म्हणाले. "तिथे तू गप्पच बसायचं."

"तू मला शिकवू नकोस."

"कुणीतरी शिकवायला हवंच होतं."

इतक्या वर्षांनी ते एकमेकांशी बोलत होते, तेही कडाकडा.

"सूर वाढणार नाही आणि ढोल कमी होणार नाहीत," धाकटी म्हणाली. "तुमची गाणी तुमच्याजवळ जशीच्या तशी आहेत. हे माझं आहे."

आणि तिनं ते पहिल्यापासून पुन्हा लावलं. बाबांनी काठी उचलली, पण उठले नाहीत.

परवानगी दोघांनीही अजून दिलेली नाही. हरकत घ्यायला मात्र दोघं पुढच्या आठवड्यातही आले, आणि या वेळी जवळ बसले, नीट भांडता यावं म्हणून.