माळावरची वुल्सली

सुप्याच्या हॉटेलात चहा पिताना बादशाहच्या कानावर आलं होतं, की पिसाळलेल्या लांडग्यानं सकाळी एका म्हाताऱ्याला फाडलं. तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. कळसच्या आपल्या मालकांना, आबासाहेबांना, त्यांच्या व्याह्यांकडे सोडून तो रिकामी वुल्सली परत नेत होता. गाडी लढाईआधीची, विलायतेला परतणाऱ्या साहेबाकडून घेतलेली. बॅटरी मरायला टेकलेली आणि डावीकडची काच चार बोटं खाली अडकलेली. मूठ कितीही फिरवली तरी ती वर येत नव्हती.

माळ ओलांडताना एक बाई आडवी धावत आली. बादशाहनं करकचून ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं.

"दार उघडा! दादा, दार उघडा!"

ती आत पडली, दार लागलं आणि त्याच क्षणी बाहेरून काहीतरी धाडकन आदळलं. काचेवर लाळेचा ओघळ उतरला. पलीकडं लांडग्याचं तोंड होतं. जबडा लटकलेला, डोळे कुठंच न बघणारे.

बादशाहनं स्टार्टर दाबला. गाडी नुसती कण्हली, मग तेवढंही नाही.

"आता?" बाई म्हणाली.

"हँडल मारावं लागंल. पर ते भाईर जाऊन, म्होरनं."

लांडगा गाडीभोवती फिरत होता. मध्येच धडपडत होता, पुन्हा उठत होता. फटीतून त्याची घरघर आत येत होती.

बाई धनगराची होती. नाव द्वारकाबाई. तिचा नवरा झुंबर टेकाडामागं मेंढरं चारत होता आणि दिवस कलला की कळप घेऊन ह्याच रस्त्याला येणार होता. लांडग्याचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"बोला कायतरी," ती म्हणाली. "गप बसलं की त्येचं घुरघुरणंच आयकू येतं."

सुचलं ते बादशाहनं सांगितलं. पुण्याच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडून ऐकलेलं.

"ह्या गाडीची कंपनी आदी मोटारी करत न्हवती. मेंढरांची लोकर कातरायचं यंत्र करायची. तिकडं आस्ट्रेलियात निघाली, मग विलायतेला आली."

"मेंढरांची? थट्टा करताय व्हय?"

"अल्लाची शपथ. पर कातरणीचा हंगाम थोडा. बाकी दिस कारखाना बसून. मग तिथल्या म्यानेजरनं मोटारीचा खटाटोप मांडला."

"म्हंजी मेंढरामुळं मोटार निघाली." ती हसली, पण हसतानाही तिचे दात वाजत होते.

"नाकावर नावाची पट्टी हाय. दिवं लावलं की तीबी पेटती. विलायतेत पोलीस असल्याच गाडीतनं फिरत्यात. मागं ती पट्टी दिसली की चोराचं पाय गळत्यात म्हनं."

"ह्येचं गळंनात," द्वारकाबाई बाहेर बघत म्हणाली.

इतक्यात टेकाडामागून हाळी आली. हुर्रर्र, हुर्रर्र. झुंबर कळप वळवत होता. लांडग्यानं मान तिकडं केली आणि तो चार पावलं चाललाही.

द्वारकाबाईनं अंगावरची घोंगडी ओढली, तिचं टोक फटीतून बाहेर सोडलं आणि काचेवर मुठी आपटत ओरडली, "ये! हिकडं ये मुडद्या!"

लांडगा वळला. त्यानं घोंगडीत दात रुतवले. ती आतून दोन्ही हातांनी ओढत होती, रडत होती, सोडत नव्हती.

"जावा दादा!"

सीटखालचं हँडल घेऊन बादशाह उजव्या दारानं उतरला. ते त्यानं गाडीच्या नाकात खुपसलं. पहिला फेरा फुकट गेला. दुसऱ्याला हँडलनं उलटा तडाखा दिला. मग इंजिन धडधडलं आणि त्याच वेळी घोंगडी फाटल्याचा आवाज आला. तो दाराकडं धावला. पोटरीला काहीतरी घासलं. दार ओढून घेतलं तेव्हा लांडगा त्याच दारावर आदळत होता.

पुढं कळप टेकाडावर आला होता. लांडगा तिकडं सुटला. बादशाहनं गाडी रस्त्याखाली घातली, दगडधोंड्यांतून, आणि झुंबरच्या अलीकडंच लांडग्याला चिरडलं. झुंबर कुऱ्हाड हातात घेऊन नुसता उभा राहिला.

पोटरीवर रक्ताची रेघ होती. हँडलनं लागलं, की दातानं? बादशाहला आठवेना. बारामतीच्या डॉक्टरांनी जखम धुतली आणि ते म्हणाले, "दाताची असंल असंच धरून चालायचं." पोटात सुया टोचून घ्यायला तो पुण्याला गेला, रोज कळवळला. परतल्यावर खरी भीती सुरू झाली. पिसाळलेल्या जनावराचं विष अंगात शिरलं तर माणूस पाण्याला भितो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बायको बिबीजान रोज सकाळी पाण्याचा पेला पुढं करायची आणि त्याच्या गळ्याकडं टक लावून बसायची. घोट अडकला की दोघंही पांढरे पडायचे.

पौष गेला, माघ गेला. उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी द्वारकाबाई आणि झुंबर कळसला आले. नवी घोंगडी बादशाहच्या खांद्यावर टाकून ती म्हणाली, "दादा, पानी पिताय न्हवं?"

"पितोय, बाई," बादशाह म्हणाला. "पर आजून डोळं मिटूनच पितोय."