वरातीतलं रेसचं इंजिन

आदिलाबादेत रेसच्या इंजिनाची गाडी एकच होती, आणि ती रेसला कधीच गेली नव्हती. ती भार्गवची. भार्गव बँकेत अधिकारी. जुनी कॉन्टेसा घेऊन त्याने हैदराबादच्या एका गॅरेजात तिच्यात आठ सिलिंडरचं अमेरिकन इंजिन बसवून घेतलं, आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मागवला तो सॉलिड रोलर जातीचा.

रोजच्या बहुतेक गाड्यांत कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारं टॅपेट मधली फट तेलाच्या दाबावर आपणच सांभाळतं. सॉलिड रोलरमध्ये तसं काही नाही. टॅपेट भरीव, त्याच्या तळाशी पोलादी चाक, चाकात सुयांएवढ्या बारीक सळ्यांचं बेअरिंग, आणि वरून दाबणाऱ्या स्प्रिंगा दांडग्या. फट वरचेवर हाताने मोजावी लागते. चाकाला तेल मिळतं ते मुख्यतः खाली क्रँक फिरताना उडणाऱ्या शिंतोड्यांचं. इंजिन पळालं तर अंघोळ, नुसतं गुरगुरत उभं राहिलं तर उपास.

भार्गवने ते गुरगुरत ठेवण्यासाठीच घेतलं होतं. रोज संध्याकाळी कापूस मार्केटजवळच्या टपरीसमोर गाडी उभी करायची आणि इंजिन बंद न करता पाऊण तास चहा प्यायचा, हा त्याचा नेम. बॉनेट थरथरे, लोक जमत. टॅपेट वाजतेत साहेब, असं कुणी म्हणालं की त्या अडाण्याला तो कॅमशाफ्टवर व्याख्यान देई. गाडीने साठच्या पुढचा वेग क्वचितच पाहिला होता. शहरात गतिरोधक होते आणि शहराबाहेर रंगाला खडी लागे.

मग धाकटा भाऊ अनुप याचं लग्न ठरलं. मुलगी नेहा, मंचेरियलची. तिचे मामा बाबाराव कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फोरमन होते. इंजिनातलं कळणारा माणूस सोयरा होतोय हे समजल्यापासून भार्गवला एकच ध्यास लागला: बाबारावांनी गाडी ऐकावी आणि चारचौघांत म्हणावं की हा जाणकार आहे. म्हणून नवरदेवाची वरात कॉन्टेसातून.

लग्नाच्या चार दिवस आधी फटी मोजायला त्याने ट्रॅक्टरचे मिस्त्री लक्ष्मणराव यांना बोलावलं. पंधरा फटी बरोबर निघाल्या. सोळावी मागच्यापेक्षा जवळपास दुप्पट होती.

"साहेब, फट उगीच नाई वाढली. खालचं चाक झिजून राह्यलं. टॅपेट काढून पाहू."

काढायला वेळ नाही, कसून द्या, असं भार्गव म्हणाला. लक्ष्मणरावांनी फट मोजायची पट्टी, फिलर गेज, पुसून पेटीत ठेवली.

"कसलं तर आवाज बंद होईन, झीज थोडीच भरून येईन. आन वरातीत तर नेऊच नका. हे इंजन पळवाचं हाय, बैलाच्या चालीनं चालवाचं नाई."

ट्रॅक्टरवाल्याकडून शिकण्याची वेळ भार्गववर अजून आली नव्हती. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्याने ती फट स्वतःच कसली. आवाज गेला. यालाच तो दुरुस्ती समजला.

वरात सकाळी नऊला मारुतीच्या देवळापासून निघाली. मंगल कार्यालय दीड किलोमीटरवर. बँडमागे नाचणाऱ्यांना घाई नव्हती. गाडी दोन पावलं सरके आणि दहा मिनिटं थांबे. पावणेदोन तास झाले तरी निम्मा रस्ता बाकी होता. बाबाराव वरातीला सामोरे आले, तेव्हा भार्गवने खास त्यांच्यासाठी दोनदा ॲक्सिलरेटर दाबला आणि कौतुकाची वाट पाहिली. बाबारावांनी मान वाकडी करून ऐकलं आणि ते खिडकीशी आले.

"भार्गवराव, एक टॅपेट मरून राह्यलं. बंद करा. पोरं ढकलतीन गाडी."

टकटक भार्गवलाही ऐकू येत होती. त्याच क्षणी किल्ली फिरवली असती तर एका टॅपेटवर भागलं असतं. पण ढकलगाडीतला नवरदेव सगळ्या गावाने पाहिला असता. तो हसला. रेसचा कॅम असाच वाजतो मामा, तुमच्या खाणीत हे नसतं, असं म्हणाला आणि बँडवाल्यांना जोरात वाजवायला सांगितलं.

बाबारावांनी मागचं दार उघडलं आणि अनुपचा हात धरला.

"काऊन उतरवता मामा?"

"मुहूर्त गाठाचा हाय ना तुले?"

नवरदेव उतरून चालू लागला. गाडी चाळीसेक पावलं पुढे गेली तेव्हा बेअरिंग फुटलं. सळ्या तेलात सांडल्या, अडकलेल्या चाकाने कॅम खरवडून काढला, आणि इंजिन कडकड करून थांबलं ते थांबलंच. अनुप वेळेवर मांडवात पोचला. गाडीही पोचली, ढकलत.

जेवणं झाल्यावर बाबाराव म्हणाले की दोन दिवस राहतो, इंजिन उघडून देतो. भार्गवने नको म्हटलं. पेट्रोलात भेसळ होती, असं त्याने त्यांना सांगितलं, टपरीवर सांगितलं, बँकेत सांगितलं. ते खरं ठरावं म्हणून बॉनेट कुणाला उघडू दिलं नाही, लक्ष्मणरावांना तर नाहीच.

दोन महिन्यांनी त्याने गाडी विकायला काढली. जाहिरात स्वतः लिहिली: किरकोळ काम बाकी, रेसचं इंजिन, सॉलिड रोलर कॅम, कधीही पळवलेली नाही, फक्त शहरात, अगदी सावकाश चालवलेली. किरकोळ कामाचं सोडलं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जाणकार ती वाचून फोनच करत नाहीत, आणि का करत नाहीत हे भार्गवला अजून कळलेलं नाही.