प्लायवुडवर बेतलेला कोट

आग आणि सुई, या दोनच शोधांनी माणसाला जनावरांतून वर काढलं. बाकीची संस्कृती म्हणजे त्यावरची तुरपाई. पैकी आग आमच्या भिलाईच्या पोलादाच्या प्लांटने अर्ध्या देशाला पुरेल एवढी पेटवून ठेवली आहे. सुई मात्र आमच्या घरात दिवाळीपासून सापडत नाही, आणि सापडेल तेव्हा मी तिच्यावर बसलेला असेन, अशी माझ्या बायकोची, सुशीलेची, खात्री आहे.

शेजारच्या वसुंधरावहिनींकडे सुई जागच्या जागी असते. जुनवानी वस्तीत आमच्या त्यांच्या घराची भिंत एकच आहे, त्यामुळे त्यांचं पायमशीन चालू झालं की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. त्या मशीनवर त्यांनी जन्मभर उशांचे अभ्रे शिवले, नातवंडांची झबली शिवली, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे पडदे शिवले. स्वतःसाठी फक्त ब्लाउज, आणि तेही ओटीत आलेल्या कापडाचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सुनेने, उत्कर्षाने, त्यांना मोबाइलवर तारिणी वझलवार दाखवली. ही बाई कपड्यांची डिझायनर. कुठे विलायतेत राहते, पण आडनाव आपलं आणि कापडही आपलंच: इथल्या चांपा गावचा कोसा, म्हणजे टसर रेशीम. त्या कोशाचे ती लांब कोट करते, बारा कळ्यांचे, म्हणजे बारा उभ्या पट्ट्या जोडलेले, घोट्यापर्यंत. तिच्या व्हिडिओत मुली तो कोट घालून चालत येतात, आणि वळताना आधी मुलगी वळते आणि मग निवांतपणे कोट वळतो. वहिनींनी हे वळणं इतक्या वेळा पाहिलं की त्या घरात आठवडाभर वरण करपलेलं होतं. बाबाराव, म्हणजे वहिनींचे यजमान, तेच वरण भातावर घेत राहिले. त्यांना वाटलं, ही नवी कृती असेल.

इथपर्यंत सगळं घरात होतं. मग एके दुपारी वहिनींनी मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं, की यंदाच्या वसंत मेळाव्यात मी तारिणी वझलवारसारखा कोट घालून येईन, आणि तो मी स्वतः शिवलेला असेल.

आमच्या मंडळाच्या वसंत मेळाव्यात बायका स्टेजवरून चालून दाखवतात. नऊवारी, नथ, खोपा. वर्षानुवर्षं हेच, फक्त चालणाऱ्यांच्या गुडघ्यांत फरक पडत गेला. कोट कधी कोणी घातला नव्हता. महिला शाखेची अध्यक्ष आमची सुशीला. तिने ग्रुपवर उत्तर लिहिलं, “छान. वाट पाहतो.” खाली जोडलेल्या हातांचं चित्र. सुशीलेचं ‘छान’ मी चांगलं ओळखतो; माझ्या पहिल्या पुस्तकालाही ती तेच म्हणाली होती. जेवताना तिने मला उरलेलं सांगितलं. घरी शिवलेलं घरी घालावं. डिझायनरचं काय काम पायमशीनवर होते काय? त्यापेक्षा शिवायचं ते सरळ सुपेल्याच्या बाजारातल्या शिंपी मास्तरकडे टाकावं, ती स्वतः साडीचा फॉलसुद्धा तिथेच टाकते, आणि मेळाव्याला नऊवारीत यावं.

शेजारधर्म म्हणून मी वहिनींना सांगायला गेलो, की मेसेज काढूनही टाकता येतो. त्यांनी मला बसवलं नाही. आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. साड्यांचे थर होते, घड्यांत कापूर घातलेले. ही नणंदेच्या लग्नातली, ही वास्तूतली, ही विहिणीने दिलेली, ही विहिणीला द्यायची राहिलेली. एकेका साडीला बोट लावत त्या शेवटच्या कप्प्यापर्यंत गेल्या.

“या कपाटात माझं काहीच नाही, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “सगळं आलेलं आहे.”

मी मेसेजचा विषय सोडला.

अडचण एकच होती. वहिनींना शिवता येत होतं, पण फोटोवरून बेतता येत नव्हतं. कळी वर किती, कमरेशी किती, खाली किती, हे तारिणीबाई सांगत नव्हत्या. त्या फक्त मुलींना वळायला लावत होत्या. वहिनी वर्तमानपत्रावर पेन्सिलने रेघा ओढत बसल्या होत्या. तेवढ्यात बाबाराव मागे येऊन उभे राहिले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर नोकरी आली.

बाबाराव प्लांटच्या पॅटर्न शॉपमधून रिटायर झालेले. तिथे पोलादात ओतायच्या प्रत्येक वस्तूचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करतात, वाळूत त्याचा ठसा घेतात, आणि त्या पोकळीत रस ओततात. बाबाराव हे नमुने करत. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: ज्यांचा पॅटर्न नीट होता त्या, आणि भंगार.

“पेपरवर पॅटर्न नाही होत, वसू,” ते म्हणाले. “पेपर हलते. सरक जराशी.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या शेजारी कोट शिवला जात होता आणि आवाज करवतीचा येत होता. बाबारावांनी प्लायवुड आणलं. फोटो मोठा करून त्यावर कंपास फिरवला, वहिनींना अंगणात उभं करून मापं घेतली, आणि कळीचे नमुने प्लायवुडमध्ये कापले. कडा कानशीने घासल्या. वर रंग दिला, कारण रंगाशिवाय पॅटर्न शॉपमधून काही बाहेर जात नाही. मी बघायला गेलो तेव्हा कळ्या भिंतीला टेकून वाळत उभ्या होत्या, लाल काठांच्या. चार बाजूंनी बघितल्यावर मला वाटलं की बहुधा ही होडी आहे.

मग त्या लाकडी कळ्या दिवाणावर पसरलेल्या कोशावर ठेवून वहिनींनी खडूने काढल्या, कापल्या, आणि आमचं कॅलेंडर हलायला लागलं. ते आठवडाभर हललं. मधूनमधून थांबायचं, तेव्हा वहिनी गुणगुणताना ऐकू यायच्या. मशीन थांबलं की आमची सुशीला भाजी चिरायची थांबायची.

मेळाव्याला दोन दिवस उरले असताना उत्कर्षा मला बोलवायला आली. चेहरा असा की मला वाटलं बाबाराव पडले. बाबाराव उभे होते. वहिनी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, कोट घालून. म्हणजे कोट उभा होता आणि त्यात कुठेतरी वहिनी होत्या. खांदे कोपराकडे निघाले होते. पुढचे काठ एकमेकांना ओलांडून पार बगलेपर्यंत जात होते. मध्ये आणखी एक वहिनी सुखाने मावली असती, आणि पाहुणी आली असती तर तिलाही ‘आत या’ म्हणता आलं असतं.

बाबारावांनी हात मागे बांधून कोटाभोवती एक फेरी मारली. वाकून खालची कड पाहिली. मग शांतपणे म्हणाले, “थांब जराशी. निवल्यावर बसते.”

आम्ही तिघं त्यांच्याकडे पाहायला लागलो. मग ते स्वतःच दचकले. आपण काय म्हणालो ते त्यांना आमच्यानंतर ऐकू आलं असावं.

“पापा,” उत्कर्षा म्हणाली, “ये कपडा है. कास्टिंग नहीं है.”

वहिनींनी कोटाच्या आतून विचारलं, “अहो, तुम्ही पट्टी कोणती वापरली?”

बाबारावांनी पट्टी आणली. पोलादाची, चकचकीत, रोज पुसलेली. वहिनींनी ती आपल्या शिवणाच्या टेपशेजारी धरली. पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर टेपवरच्या सेंटिमीटरपेक्षा केसभर लांब होता. त्यात पट्टीची चूक नव्हती. वितळलेलं पोलाद थंड होताना आखडतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि म्हणून पॅटर्न शॉपची पट्टी मुळातच वाढवून आखलेली असते. बाबारावांनी जन्मभर त्याच पट्टीने मोजलं होतं. शिवाय नंतर लेथवर घासायला लागतं म्हणून प्रत्येक कडेला थोडं जास्तीचं ठेवायची पद्धत. काठांचा लाल रंग ही त्याचीच खूण. तेही त्यांनी प्रत्येक कळीला दोन्ही बाजूंनी ठेवलं होतं. आणि वहिनींनी, शिवणाऱ्या कोणत्याही शहाण्या बाईप्रमाणे, त्याच्याबाहेर आपली शिलाईची माया सोडली होती. नवऱ्याने सोडलेली माया आणि बायकोने सोडलेली माया बारा कळ्यांत बारा वेळा मोजली, तर असाच कोट होणार. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट नव्हती, पण अंगावर घालता येण्यासारखी पहिलीच होती.

वहिनी खुर्चीवर बसल्या. कोट थोड्या वेळाने बसला. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि बाबाराव घाबरून पाणी आणायला वळले.

त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पट्टी हातात घट्ट धरून. “निवल्यावर बसते,” एवढंच त्यांना मधूनमधून म्हणता येत होतं. मग उत्कर्षा हसली, मग मी. बाबाराव पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले आणि शेवटी ते पाणी त्यांनीच प्यायलं.

पण ग्रुपवरचा शब्द तसाच होता, आणि दिवस दोन. बाबारावांचं म्हणणं, सगळं उसवून नवीन पॅटर्न करू. प्लायवुड आणायला ते पायात चपला घालूनच तयार होते. वहिनी म्हणाल्या, कोशाला सुईची भोकं राहतात, बारा शिवणी उसवल्या तर कोटाची चाळणी होईल. त्या आरशासमोर पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मान वळवून बराच वेळ पाहिलं. मग पाठीतली एक कळी दोन बोटांत धरून आत दुमडली, आणि कोट चारी बाजूंनी त्यांच्या अंगाकडे सरकला.

“ही कळी काढून टाकतो,” त्या म्हणाल्या.

बाबारावांना हे सहन झालं नाही. एक पूर्ण कळी? मग पाठ मधोमध जुळणार नाही. शिवण एका बाजूला जाईल. असा पीस शॉपमधून बाहेर गेला असता तर रिजेक्ट होऊन परत आला असता, वर चिठ्ठी लागून.

“तुमच्या प्लांटात,” वहिनी म्हणाल्या. “इथे इन्स्पेक्शन माझं आहे. ते कैची द्या.”

बाबारावांनी कैची दिली. एवढंच नाही, दोन्ही दिवस ते मशीनशेजारी स्टुलावर बसून कळी ताणून धरत होते, आणि काहीही मोजत नव्हते. खांद्यांना वहिनींनी चुण्या घातल्या. कोशाच्या त्या उरलेल्या कळीचं काय करायचं, यावर बाबारावांनी मत दिलं नाही. पण मेळाव्याला ते गळ्यात कोशाचा लांब तुकडा टाकून आले, वरून निमुळता, खाली रुंद. कोणी विचारलं तर ते म्हणत, “सेट आहे.”

मेळाव्याला हॉल भरला होता. नऊवाऱ्या आल्या, गेल्या. प्रत्येकीला टाळ्या, प्रत्येकीला एकच गाणं. मग वहिनी आल्या.

कोटाचा रंग कोशाचा स्वतःचा, भाजक्या खोबऱ्याचा. चालताना त्या जमिनीकडे बघत होत्या. स्टेजच्या टोकाशी आल्या, थांबल्या, आणि वळल्या. आधी त्या वळल्या, आणि मग, अगदी निवांतपणे, कोट वळला.

पाठ दिसली. पाठीची शिवण मधोमध नव्हती. डाव्या खांद्याखालून निघून कमरेकडे तिरपी उतरली होती. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. मृणाल नावाची एक मुलगी आहे, ती रायपूरला फॅशनचं शिकते. ती उभी राहून म्हणाली की असं तिरपं मुद्दाम करायला किती अवघड असतं. मग कोणीतरी मोबाइलवर तारिणीबाईंचा मूळ कोट काढला आणि वहिनींना दाखवला, की हिची शिवण तर सरळ आहे.

वहिनींनी चष्मा वर करून नीट पाहिलं. “हाव,” त्या मान डोलावत म्हणाल्या. “तिच्याकडून राहून गेलं ते.”

टाळ्या अशा वाजल्या की मंडळाचे सचिव नरहरीपंत, जे तबल्याशिवाय कशालाच दाद देत नाहीत, तेही दोन वाजवून थांबले. मग त्यांनी माईक घेतला. आजची मराठी स्त्री, स्वावलंबन, विदर्भाची माती, छत्तीसगडचा कोसा आणि पोलादी निर्धार यांना त्यांनी एकाच वाक्यात बसवलं, आणि वाक्याच्या शेवटी वसुंधराबाईंना ‘भिलाईच्या वझलवार’ ही पदवी दिली. वहिनी लाल झाल्या होत्या. बाबाराव गळ्यातली कळी सारखी करत सगळ्यांना सांगत होते, की डिझाईन तिचंच आहे, मी फक्त मटेरियल धरलं.

आणि मग गर्दीतून सुशीला पुढे आली.

बायका बाजूला झाल्या. ग्रुपवरचं ‘छान’ सगळ्यांनी वाचलेलं होतं. मी दाराकडे बघून ठेवलं. सुशीला वहिनींच्या समोर उभी राहिली. खाली वाकली, कोटाची कड उचलली, आणि तिने ती उलटी केली. पाहणाऱ्या बाईची ही खरी परीक्षा. सुलटी बाजू कोणीही चांगली करतं. तिने आतली शिवण बोटाने चाचपली, एकेक करून, जिथवर हात पोचला तिथवर. सुटलेला एक धागा सापडतो का, ते पाहिलं. मग कड सोडून दिली, आणि हाताने ती पुन्हा नीट बसवलीही. बाबाराव कळी चोळत होते. सगळा हॉल वाट पाहत होता.

सुशीला सरळ झाली. तिने वहिनींकडे पाहिलं, घसा खाकरला.

“वसुंधरा,” ती म्हणाली, “माह्या त्या जांभळ्या साडीले फॉल लावून देशील काय?”