आबांचा स्क्रूड्रायव्हर

मेघनाने कॅसेट प्लेअरचं झाकण काढलं आणि चुंबकत्व मोजायच्या मीटरची सळी आत टेप जिथे घासून जाते त्या हेडला टेकवली. आकडा शून्याच्या आसपास हवा होता. तो बराच वर जाऊन थांबला.

प्रयोगशाळेतही दिवसभर तिचं हेच काम. मऊ लोखंडाच्या पत्र्यातून जाताना चुंबकीय सिग्नल किती घटतो, ते मोजायचं. हे लोखंड चुंबकत्व पटकन घेतं आणि लगेच सोडतं, तोच त्याचा गुण. प्लेअरचं हेडही तसल्याच धातूचं, पण याने सोडलं नव्हतं. अशा हेडवरून टेप गेली की दर खेपेला आवाजातले बारीक सूर थोडे पुसले जातात.

टेपवर तिच्या आईचं, मालनचं, गाणं होतं. परळच्या चाळीत जयंतीच्या कार्यक्रमात म्हटलेलं. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिचे वडील, आबा, ते रोज सकाळी लावत. मोबाइलवर उतरवून घेते, असं मेघना सहा वर्षं नुसतं म्हणतच होती.

"आवाज दबलाय गं," आबा म्हणाले. "दर रविवारी हेड पुसतो, स्क्रू आवळतो. तरी पण."

"कशाने आवळता?"

आबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. गिरणीत ते फिटर होते. बारीक स्क्रू मशीनमध्ये पडू नयेत म्हणून ते त्याचं टोक चुंबकावर घासून ठेवत. ती सवय अजून गेली नव्हती. तो जवळ येताच मीटरवरचा आकडा उसळला. आबांनी आकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय झालं?"

मेघनाने मीटर बाजूला ठेवला. काय सांगायचं, की तुम्हीच तिला रोज थोडं थोडं पुसलंत?

"कान, आबा. गिरणीने खाल्ले तुमचे कान."

"मग ठीक आहे." आबा चक्क हसले. "मला वाटलं, तीच चाललीय."

तिने हेडचं चुंबकत्व उतरवलं, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि कॅसेट सुरू केली. गाणं गोधडीआडून आल्यासारखं आलं. ते संपताच आबांचा हात सवयीने बटणाकडे गेला. पुढची टेप त्यांनी कधी वाजवलीच नव्हती. रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून मेघनाने तो हात धरला.

टेप पुढे सरकली आणि मालन बोलली. स्वच्छ, जणू मोरीपाशी उभी राहून.

"झालं ना? बंद करा की आता ते!"

पुढे नुसती खरखर.

"कान शाबूत आहेत गं माझे," आबा म्हणाले.

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि बाहेर गॅलरीच्या पार टोकाला नेऊन ठेवला.